होय, नाही, सांगता येत नाही

आमच्या मंडळाने गेल्या हिवाळ्यात सभासदांची ऑनलाइन पाहणी केली. प्रश्न बारा, वेळ पाच मिनिटे, मुद्दा एकच: रविवारची मराठी शाळा चालू ठेवायची की बंद करायची? प्रश्नावली तयार करणाऱ्या तिघांपैकी मी एक. तेव्हा हे परीक्षण म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणेच आहे. पण वासे मोजायलाच हवेत, असे घर मी स्वतः बांधले होते.

पहिली गंमत अशी की पाहणी मराठी शाळेची आणि प्रश्नावली इंग्रजीत! ‘सगळ्यांना सोयीचे’ म्हणून. सहा-सहा महिने इथे राहून नातवंडांशी दिवसभर मराठीत बोलणारे आजी-आजोबा तिथेच बाद झाले.

तिसरा प्रश्न होता, ‘तुमची मुले मराठी बोलतात का आणि त्यांना शाळेत यायला आवडते का?’ ज्या घरी मुलगी छान मराठी बोलते पण रविवारी सकाळी उठायला तयार नसते, त्या आईने काय लिहावे? तिने ‘सांगता येत नाही’वर टिचकी मारली. आम्ही तिची गणना ‘उदासीन’ या रकान्यात केली. एका वाक्यात दोन प्रश्न कोंबू नयेत, हा या विद्येतला अगदी पहिला धडा. तो आम्हाला ठाऊक नव्हता असे नाही, घाई होती.

खरा घोटाळा पाचव्या प्रश्नात आहे. अमेरिकन जनगणना खाते दरवर्षी जी मोठी पाहणी करते, तीत पाच वर्षांवरील प्रत्येकाबद्दल विचारतात: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि मग इंग्रजी कितपत बोलता? फार चांगले, चांगले, फारसे नाही, अजिबात नाही. दुसरी भाषा कितपत येते, याच्याशी सरकारला कर्तव्य नाही, आणि ते त्याच्या जागी ठीकच. आम्ही तीच चार उत्तरे उचलली आणि इंग्रजीच्या जागी मराठी घातली. काम फत्ते!

पण आपल्या घरातले मूल या चार उत्तरांत बसते कुठे? आजी विचारते, ‘भूक लागली का रे?’ तो इंग्रजीत म्हणतो, आत्ता नको. आई मराठीत रागावते, तो इंग्रजीत भांडतो. त्याला सगळे समजते, अगदी टोमणेसुद्धा. बोलत मात्र नाही. आपल्याकडे घरोघरी हेच मूल आहे आणि शाळेची गरज त्यालाच सर्वांत जास्त. त्याच्यासाठी एकही गोल नव्हता. कोणी ‘चांगले’ लिहिले, कोणी ‘अजिबात नाही’, आणि त्या दोन्हींची सरासरी काढून खजिनदारांनी सभेत रंगीत आलेख दाखवला.

पाहणी पाठवली ती मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर. शाळा सोडून गेलेली कुटुंबे त्या गटातूनही गेलेली होती. शाळा का सोडली, हे ज्यांना विचारायचे त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांनी लँडन निवडून येणार असे छापले. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे टेलिफोनच्या याद्या, मोटारींच्या नोंदी अशा ठिकाणांहून घेतलेली होती. शिवाय उत्तर पाठवण्याची हौस सगळ्यांना सारखी नव्हती. गॅलपने कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. आमच्याकडे तर कोटीही नव्हते.

एक गोष्ट मात्र बरी जमली. शेवटी ‘आणखी काही?’ म्हणून मोकळी चौकट ठेवली होती. तिथे लोकांनी रोमन अक्षरांत का होईना, मराठीत लिहिले: वर्गाची वेळ पोहण्याच्या शिकवणीशी भिडते, एकाच वर्गात सहा वर्षांचे आणि बारा वर्षांचे बसतात. संपूर्ण पाहणीत कामाचे होते ते एवढेच, आणि आलेखात तेच आले नाही.

सभेत शाळा बंद करण्याचा ठराव येणार होता. तो पुढे ढकलून घेतला. नवी प्रश्नावली दोन्ही भाषांत आहे. या वेळी ती आधी चार घरी जाऊन, शेजारी बसून भरून घेतली. दुसऱ्याच घरी एका काकूंनी चष्मा वर करून विचारले, ‘समजतं पण बोलत नाही, हे कुठे लिहायचं?’ तिथे आता पाचवा गोल आहे. शाळा सोडलेल्या कुटुंबांना फोन करायचे काम माझ्याकडे आले आहे. यादीतले निम्मे नंबर बदललेले निघाले.