हिंस्र पशू, घर आणि रान : डॉ. प्रकाश आमटे यांच्या प्राणिलेखनाचा विचार

१

वन्य पशूंविषयीचे मराठी ललित गद्य पूर्व विदर्भातील अरण्याचे मोठे ऋणी आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले तेव्हा ते अभयारण्य भंडारा जिल्ह्यात मोडत होते. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाचा पुष्कळ भाग ज्या नवेगावबांधच्या परिसरात आकारास आला, तोही त्या वेळी याच जिल्ह्यात होता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि प्रशासकीय सीमा बदलल्या. अरण्य मात्र एकच राहिले. या दोन स्थळांच्या जोडीला दक्षिणेकडील भामरागडच्या रानातून तिसरे स्थळ मराठी वाङ्मयात आले, ते म्हणजे हेमलकसा. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि डॉ. प्रकाश आमटे यांची ‘प्रकाशवाटा’ व ‘रानमित्र’ ही पुस्तके या स्थळाशी निगडित आहेत.

या पुस्तकांचे स्वागत बहुधा सेवाकार्याच्या गौरवाच्या भरात झाले. लेखकाचे कार्य थोर असले म्हणजे त्याच्या लेखनाची चिकित्सा करणे अनेकांस अनुदारपणाचे वाटते. परंतु कार्याविषयीचा आदर आणि लेखनाची परीक्षा या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दुसरीमुळे पहिलीस बाध येण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात एकच प्रश्न विचारावयाचा आहे : हिंस्र पशूला घरात आणणारे हे लेखन, त्याच पशूच्या सान्निध्यात राहणे ज्यांच्या वाट्यास आले आहे अशा माणसांपुढे आणि संरक्षणाच्या कल्पनेपुढे काय ठेवते?

२

प्रथम काही तपशील ध्यानात घेतला पाहिजे. १९४८ साली जन्मलेले डॉ. आमटे यांनी पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्पाचे काम आरंभिले. त्या वेळी हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. माडिया गोंडांसाठी दवाखाना आणि पुढे शाळा, हे प्रकल्पाचे मुख्य अंग. अनाथ वन्य पिल्लांचे संगोपन हे त्याला नकळत फुटलेले उपांग होय. बिबटे, अस्वले, मगरी, तरस, विषारी सर्प अशा प्राण्यांचा एक विलक्षण परिवार तेथे जमला. २००२ साली पद्मश्री व २००८ साली डॉ. मंदाकिनी यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यानंतर हेमलकशाकडे अभ्यागतांचा ओघ वाढला आणि बिबट्याच्या गळ्यात हात घालून उभे असलेले डॉक्टर हे चित्र महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले.

या परिवाराचा आरंभ ज्या प्रसंगाने झाला, तो आमट्यांनी वारंवार सांगितला आहे. रानातून जात असता शिकार करून परतणारे काही माडिया त्यांस भेटले. बांबूला मारलेली माकडे लटकत होती आणि त्यांतील एका मादीच्या मृत देहाला तिचे जिवंत पिल्लू बिलगून दूध पिऊ पाहत होते. ही माकडे कशासाठी मारली, या प्रश्नाला खाण्यासाठी, असे सरळ उत्तर मिळाले. पिल्लाचेही तेच होणार होते. डॉक्टरांनी धान्याच्या मोबदल्यात ते पिल्लू मागून घेतले. तिचे नाव बबली ठेवले. पुढे पिल्लू सापडले की ते मारावयाचे नाही, डॉक्टरांकडे पोचवावयाचे आणि धान्य न्यावयाचे, असा प्रघात पडत गेला.

३

प्रस्तुत लेखकाच्या मते आमट्यांच्या समग्र प्राणिलेखनातील सर्वांत समर्थ स्थळ हेच होय. त्याचे सामर्थ्य करुण दृश्यात आहे असे कोणी म्हणेल, तर ते अपुरे ठरेल. मृत मातेला बिलगलेले पिल्लू कोणत्याही लेखकास सहज साध्य होणारे करुण चित्र आहे. येथे विशेष घडते ते त्या साध्या उत्तराने. शिकारी क्रूर नाही, तो भुकेला आहे. पिल्लाचे अनाथपण आणि माणसाची उपासमार ही दोन्ही दुःखे एकाच चौकटीत उभी राहतात आणि निवेदक त्यांपैकी एकाचीही बाजू घेऊन दुसऱ्याचा धिक्कार करीत नाही. तो उपदेशही करीत नाही, विनिमय करतो. धान्य द्या आणि जीव घ्या, एवढाच व्यवहार. संरक्षणाचा जो विचार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात निषेधाच्या भाषेत मांडलेला आहे, तोच येथे देवघेवीच्या भाषेत मांडला गेला आहे. माडिया माणसाला रान सोडण्यास सांगण्यापूर्वी त्याचे पोट भरले पाहिजे, हा विचार कोठेही सूत्ररूपाने न सांगता प्रसंगातून प्रकट होतो.

या लेखनाचा सूर सांगणाऱ्याचा आहे. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी, निसर्गवर्णनाचा सोस नाही. चितमपल्लींच्या गद्यात शब्दसंग्रहाचे जे वैभव आहे ते येथे नाही आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये. आमट्यांचा निवेदक वैद्य आहे. जखम कोठे झाली, काय खाऊ घातले, किती दिवस जगले, हे त्याचे स्वाभाविक प्रश्न होत. दिगंत व अनिकेत या मुलांचे बालपण या प्राण्यांत गेले. त्यामुळे घर हे या लेखनाचे केवळ पार्श्वचित्र राहत नाही. ते त्याचे प्रमाण बनते. आपल्या पोराबाळांच्या अंगणात जो माणूस बिबट्या वाढवितो, त्याच्या विश्वासाच्या गोष्टीस वेगळे वजन येते.

४

हेच वजन किती फसवे ठरू शकते, हे पाहण्यासाठी थोडे दूर जाणे इष्ट होईल. ऑस्ट्रेलियातील स्टीव्ह अर्विन (१९६२–२००६) हा हिंस्र प्राण्यांचे दर्शन घडविणारा आपल्या काळातील सर्वांत विख्यात निवेदक. त्याच्या आईवडिलांनी १९७० साली क्वीन्सलँडमधील बीरवा येथे सरपटणाऱ्या प्राण्यांचे उद्यान काढले होते. मगरी हाताळण्याचे शिक्षण त्याला बालपणीच वडिलांकडून मिळाले. १९९६ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागलेल्या त्याच्या मालिकेने मगर व सर्प यांविषयी कोट्यवधी प्रेक्षकांत कुतूहल निर्माण केले. त्याची पत्नी टेरी त्या कार्यक्रमांत सहभागी असे, आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलगी बिंडी व मुलगा रॉबर्ट यांनी आईसह ते काम पुढे चालविले. अर्विनच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या निवेदनाचे कथानक धोक्यावर उभे होते. २००४ च्या जानेवारीत महिन्याभराच्या मुलाला एका हातात धरून त्याने दुसऱ्या हाताने मगरीला मांस भरविले तेव्हा जगभर गहजब झाला. ४ सप्टेंबर २००६ रोजी समुद्रात चित्रीकरण चालू असता पाकट माशाचा काटा छातीत घुसून त्याचा अंत झाला.

महाराष्ट्रातही या वृत्तीचा एक सौम्य अवतार झाला होता. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सर्पांच्या सान्निध्यात ७२ तास काढून दाखविले. सर्प उगाच दंश करीत नाही हे लोकांच्या मनावर ठसविण्यासाठी केलेला तो प्रयोग होता आणि त्यातूनच पुढे १९८६ मध्ये कात्रजच्या सर्पोद्यानाची वाट मोकळी झाली.

अर्विनच्या दर्शनात धोका ठळक करून दाखविला जातो. आमट्यांच्या लेखनात तो घरपणात विरघळून जातो. पहिल्यात प्राणी प्रतिस्पर्धी, दुसऱ्यात तो पोरका नातलग. या भेदाचे श्रेय आमट्यांना दिलेच पाहिजे. त्यांनी भयाचे भांडवल केले नाही. तथापि दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाच्या वा वाचकाच्या हाती जे चित्र उरते ते स्पर्शाचे आहे : माणसाचा हात आणि पशूची पाठ. ‘रानमित्र’च्या वाचनानंतर सामान्य वाचकाच्या मनात बिबट्या हा प्रेमाने वश होणारा प्राणी म्हणून रुजत असेल, तर त्याचा दोष केवळ वाचकाच्या भोळेपणावर ढकलता येणार नाही. बाटलीने दूध पिऊन वाढलेले अनाथ पिल्लू आणि रानात आपल्या आईकडून शिकार शिकलेले जनावर यांत मूलभूत अंतर आहे. पहिले पुन्हा रानात जगू शकणे दुष्कर. दुसऱ्याच्या वाटेस माणसाने जाऊ नये, हेच त्याच्या रक्षणाचे पहिले कलम. आजचे प्राणिसंग्रहालयशास्त्रही थेट संपर्क टाळावा असेच सांगते. हा भेद लेखनात पुनःपुन्हा ठळक व्हावयास हवा होता. मायेच्या भरात तो फिकट झाला आहे.

५

हा आक्षेप विद्यापीठाच्या खोलीत बसून काढलेला काथ्याकूट नव्हे, हे दाखविण्यासाठी भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीच्या वाचकाची कल्पना करावी. झाडीपट्टीतील हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणीसाठी बांधीत उतरणाऱ्या बाईला नाग, मण्यार आणि घोणस यांची आठवण ठेवूनच चिखलात पाय घालावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचावयास आणि पुढे तेंदूपत्ता तोडावयास माणसे पहाटे रानात शिरतात, ती हौसेने नव्हे. २०२२ साली ‘सीटी-१’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघाने वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी या लगतच्या वनक्षेत्रांत १३ माणसे मारली. त्यांपैकी ४ भंडाऱ्यातील होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले.

या वाचकाच्या दृष्टीने वाघ हा प्रेक्षणीय नाही आणि नातलगही नाही. तो शेजारी आहे. त्याच्याविषयीचे भय अज्ञानातून आलेले नाही. ते अनुभवाने शिकविलेले शहाणपण आहे. विदर्भाच्या रानाकाठी वाघदेवाची ठाणी आढळतात, त्यांतही हाच भाव आहे. नमस्कार करावयाचा आणि अंतर राखावयाचे. लोकपरंपरेने वाघाला देव मानले, पण त्याला अंगणात आणण्याची इच्छा धरली नाही. संरक्षणाचे जे वाङ्मय या भयाला मागासलेपण समजून हसण्यावारी नेते, ते शहरातील वाचकाला कितीही आल्हाद देवो, रानाकाठच्या माणसाला परके वाटल्यावाचून राहणार नाही. आणि त्याच्या संमतीखेरीज कोणताही वाघ फार काळ सुरक्षित राहू शकत नाही.

येथे माडगूळकर आणि चितमपल्ली यांचे स्मरण होते. ‘नागझिरा’चा निवेदक रानात पाहुणा म्हणून गेला आहे. तो पाहतो, टिपतो आणि परत फिरतो. चितमपल्ली वनाधिकारी असूनही अरण्यातील माणसांचे शिष्यत्व पत्करतात. दोघांच्याही गद्यात पशू आणि निवेदक यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. कलादृष्ट्या ती जागा जिज्ञासेची होय आणि व्यवहारात तीच सुरक्षिततेची ठरते. आमट्यांच्या घरगुती निवेदनात नेमकी हीच जागा आकुंचित झाली आहे.

६

तथापि निर्णय देताना पारडे एकीकडे झुकू देणे न्याय्य होणार नाही. ‘रानमित्र’ या सामासिक शब्दाचा विग्रह दोन प्रकारे करता येतो. रानातील मित्र असा केला, तर तो प्राण्याला लागू पडतो आणि पुस्तक मैत्रीच्या गोड कथांचे होते. रानाचा मित्र असा केला, तर तो माणसाला लागू पडतो आणि त्याबरोबर एक जबाबदारी येते. सर्वसाधारण वाचक पहिला विग्रह करतो. हेमलकशाच्या पन्नासाहून अधिक वर्षांच्या कामाचा आशय दुसऱ्या विग्रहात आहे. दवाखाना आणि शाळा नसती, तर धान्य देऊन पिल्लू मागण्याचा अधिकारच डॉक्टरांना प्राप्त झाला नसता. माणसाची सेवा आधी आणि पशूची माया त्या पाठोपाठ, हा क्रम त्या घराने जगण्यात पाळला. लेखनात मात्र बिबट्याच्या जवळिकीने वाचकाचे लक्ष इतके वेधून घेतले की हा क्रम झाकला गेला.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासकांनी ही पुस्तके वाचताना बबलीच्या प्रसंगाला केंद्र मानून बाकीची प्रकरणे त्याच्या प्रकाशात पाहावीत, असे सुचवावेसे वाटते. जेथे जेथे पशूसोबत भुकेला माणूस दृष्टीपुढे राहतो तेथे हे लेखन मराठीतील श्रेष्ठ प्राणिगद्याच्या पंक्तीस बसते. जेथे तो दृष्टीआड होऊन केवळ लळा उरतो तेथे ते मनोवेधक असूनही उणे पडते. दिघोरीच्या मोहफुले वेचणाऱ्या बाईला जे पुस्तक वाचून दाखविता येईल आणि जे ऐकून ती मान डोलावील, असे हिंस्र पशूंविषयीचे पुस्तक मराठीत अद्याप लिहिले जावयाचे आहे. त्याची पहिली पाने हेमलकशास लिहिली गेली आहेत, हे मात्र निःसंशय.