'कोवळी पानगळ' ते 'गृहभेट' : नवजात व प्रसूतिपश्चात परिचर्येच्या विचाराची समीक्षा

प्रस्तावना :
प्रसूतीनंतरचे पहिले ४२ दिवस हा आई व बाळ या दोघांच्याही जीवनातील अत्यंत जोखमीचा कालखंड होय. बाळाला कोरडे करून उबेत ठेवणे, पहिल्या तासात स्तनपान सुरू करणे, नाळ स्वच्छ व कोरडी ठेवणे, पहिली अंघोळ पुढे ढकलणे. तसेच मातेचा रक्तस्राव, ताप व रक्तदाब यांवर लक्ष ठेवणे, हे या काळातील परिचर्येचे मूलभूत ज्ञान मानले जाते. ते कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाला गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेच्या कार्याने वेगळे उत्तर दिले. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची आणि पुढे त्याला प्राप्त झालेल्या शासकीय रूपाची चिकित्सा केली आहे.

रूपकाचा अर्थ :
डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा बालमृत्यूंविषयीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच विचारार्ह आहे. पानगळ ही निसर्गक्रमाने घडते. तिच्याबद्दल कोणी कोणास जाब विचारत नाही. 'कोवळी' हे विशेषण मात्र तो क्रम मोडते. कोवळे पान गळणे हा ऋतूचा भाग नसून झाडाच्या रोगाचे लक्षण ठरते. 'देवाने दिले, देवाने नेले' असे म्हणून स्वीकारले जाणारे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, हा दावा या दोन शब्दांत सामावला आहे. सरकारी नोंदींतून निसटणारे बालमृत्यू उजेडात आणणे हे या अहवालाचे प्रमुख योगदान होय.

ज्ञानाचे हस्तांतरण :
या दाव्यामागे प्रत्यक्ष प्रयोगाचे बळ होते. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली व ४७ गावांशी तुलना करण्यात आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर प्रयोगगावांत हजारी २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६ होता. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. थोड्या शिकलेल्या स्त्रिया श्वास कोंडलेले बाळ सावरत होत्या व जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत होत्या.

या कार्यकर्तीस 'आरोग्यदूत' हे नाव देण्यात आले. दूत निरोप पोचवतो. निर्णय घेत नाही. येथील आरोग्यदूत मात्र निदान व उपचार करीत होती. नाव आणि काम यांतील हे अंतर पुढील वाटचाल समजून घेण्यास उपयुक्त आहे.

शासकीय रूप :
२०११ साली केंद्र शासनाने 'आशा' कार्यकर्तीमार्फत गृहभेटींची योजना देशभर स्वीकारली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास सहा व घरी झाल्यास सात भेटी ठरल्या. प्रयोगाचे हे मोठेच यश होय. तथापि या प्रवासात इंजेक्शन देण्याचे कौशल्य आशेच्या हाती आले नाही. वजन, तापमान, सल्ला व संदर्भसेवा यांवर भर राहिला. म्हणजे शब्दशः अर्थाने ती 'दूत' झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. परंतु जेथून रुग्णालय दूर आहे, तेथे तिची किंमत बाळाला मोजावी लागते.

अधिक गंभीर बाब मानधनाची आहे. २०११ च्या मूळ सूचनांमध्ये २५० रुपयांच्या मोबदल्यासाठी वजनाची नोंद, लसीकरण व जन्मनोंदणी यांसोबत आई व बाळ ४२ व्या दिवसापर्यंत सुरक्षित असणे ही अट होती. ज्या विचाराचा आरंभ लपलेले मृत्यू मोजण्यापासून झाला, त्याच विचाराच्या योजनेत मृत्यू घडल्यास मोबदला जाईल अशी रचना व्हावी, हा अंतर्विरोध आहे. भेटी देऊनही बाळ दगावले, तर तिचे श्रम शून्य कसे ठरतात?

मातेचे स्थान :
याच संशोधकांनी १९८९ साली दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीतून ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे दाखविले होते. पुढे ७७२ बाळंतिणींच्या निरीक्षणात निम्म्याहून अधिक स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी वा सूतिकाकाळात आजार आढळले. तरीही योजनेच्या नावात नवजात आहे, माता नाही. गृहभेटीत मातेची विचारपूस अपेक्षित आहे. पण जे नावात नसते, ते कामाच्या घाईत मागे पडण्याचा धोका असतो. बाळंतीण ही बाळाला दूध पाजणारी व्यक्ती एवढ्यापुरतीच उरते.

समारोप :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात. म्हणून गृहभेटीचे महत्त्व संपत नाही. कारण रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा, तर जोखीम ४२ दिवसांची असते. गडचिरोलीच्या प्रयोगाने सिद्ध केले ते ज्ञान झोपडीपर्यंत पोचू शकते हे. ते ज्ञान वाहणाऱ्या स्त्रीला अधिकार व श्रमाचे मोल मिळावे आणि ज्या स्त्रीच्या दारी ते जाते तिलाही रुग्ण म्हणून पाहिले जावे, हे कार्य अद्याप अपूर्ण आहे. तोवर कोवळी पाने वाचतील. झाडाची निगा मात्र राहूनच जाईल.