यादी म्हणजे निबंध नव्हे

शाळेतल्या मुलाने इतिहासाचा छोटा निबंध कसा लिहावा, हा आजचा विषय. पण त्याआधी आपण त्याला आज काय लिहायला लावतो, ते बघू या. उदाहरण आपल्याच भागातलं घेतो: 1875 चे दख्खनचे दंगे.

गाइडमधलं उत्तर कसं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवात 'भारत हा शेतीप्रधान देश आहे' अशी. मग कारणं: सावकारांची पिळवणूक, जड शेतसारा, कापसाचे पडलेले भाव, इंग्रजांचे कायदे. शेवटी, 'अशा प्रकारे या दंग्यांना इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे.' चार मुद्दे, चार गुण.

यात खोटं काही नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. ही चार कारणं एसटीच्या रांगेत उभी राहावीत तशी उभी आहेत. कुणाचा कुणाशी संबंध नाही. क्रम उलटा केला तरी उत्तराचं काही बिघडत नाही. आणि ज्याचा क्रम बदलून काही बिघडत नाही, ती रचना नव्हे, ती यादी.

आता घटना बघा. 12 मे 1875, पुणे जिल्ह्यातलं सुपे. लोकांनी सावकारांना गाठलं, वह्या आणि कर्जरोखे काढायला लावले आणि जाळले. लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. माणसांवर मात्र फारसा हात उगारला गेला नाही. निबंधाचा प्रश्न इथेच सापडतो: राग सावकारावर होता, तर जाळले कागद का?

हा प्रश्न धरला की तीच चार कारणं आपोआप ओळीला लागतात. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, इथल्या कापसाला भाव आला, उधारी सहज मिळू लागली. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले, सावकाराने हात आखडता घेतला. नेमका त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला. म्हणजे कर्जाची गरज वाढली आणि कर्ज मिळेनासं झालं. त्यात 1859 चा मुदतीचा कायदा. रोखा तीनच वर्षं चालावा, व्याज साचू नये, हा त्याचा हेतू. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. कुळाला वाचता येत नव्हतं, आणि कोर्टात तर कागदच बोलत होता. म्हणून कागद जाळले!

तेव्हा मुलाला सांगायचं ते एवढंच. पहिल्या परिच्छेदात घटना, प्रश्न आणि एका वाक्यात उत्तर. दुसऱ्यात पैसा कसा आटला. तिसऱ्यात कागद कसा फास झाला. चौथ्यात उलट बाजू: सरकारी आयोगाच्या 1878 च्या अहवालाने दोष सावकारावर ठेवला, साऱ्यावर नाही. आता आयोग कुणाचा? सरकारचाच. अहवाल फेकून द्यायचा नाही. पण सांगतंय कोण, हे मुलाने विचारायलाच हवं. आणि समारोप 1879 च्या कायद्याने. त्या कायद्याने कोर्टांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. म्हणजे नुसत्या कागदावर विसंबून चालणार नाही, हे सरकारलाही मानावं लागलं. आता 'महत्त्वाचे स्थान आहे' हे वेगळं लिहायची गरज उरत नाही.

शिक्षक म्हणतील, 'अहो, तपासणारा मुद्देच शोधतो.' शोधू द्या की! चारही मुद्दे इथे आहेत. हवं तर मुलाने ते अधोरेखित करावेत. गुण कुठेच जात नाहीत.

जातं ते दुसरीकडे. आपल्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं बसतात. कर्ज, भाव, सातबारा हे शब्द ती रोज घरी ऐकतात. त्यांच्या पणजोबांच्या काळातली ही गोष्ट आपण त्यांना चार मथळ्यांत पाठ करायला लावतो. एका कारणातून दुसरं कसं निघालं, हे ज्याला कधी लिहावं लागलं नाही, तो उद्या कुणीही हातात दिलेली यादी खरी मानेल. छोटा निबंध लिहायला शिकवायचा, तो यासाठी.