थांबणाऱ्या तारा

चित्रपटाच्या संगीतकाराला एक मोठी सोय असते. नायिका दाराशी किती वेळ उभी राहणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराला ती सोय नाही. खेळणारा पोरगा दार उघडील, नाहीतर पात्राला तिथेच तिष्ठत ठेवून स्वयंपाकघरात चकलीच्या डब्याकडे वळेल! तेवढा वेळ संगीताने करावे काय? पुष्कळांचे संगीत अशा वेळी घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. अर्जेंटिनाचे गुस्तावो सांताओलाया यांना ही अडचण फारशी भेडसावली नसावी. आणि त्याचे कारण त्यांच्या आधीच्या कामात आहे.

हे गृहस्थ 1951 सालचे. तरुणपणी रॉक आणि लोकसंगीत यांचा मेळ घालणारे. स्वरलिपी आपल्याला लिहितावाचता येत नाही, असे ते स्वतःच सांगतात. रोनरोको हे अँडीज पर्वताकडचे तंतुवाद्य त्यांचे आवडते; त्याच नावाची त्यांची ध्वनिमुद्रिका 1998 साली निघाली. 'ब्रोकबॅक माउंटन'चे (2005) बरेचसे संगीत त्यांनी चित्रीकरणापूर्वीच, केवळ कथेच्या आधारे रचले. चित्र नाही, मोजमाप नाही. हाती फक्त माणसांचे दुःख. म्हणून त्या सुरांना चित्राच्या मागे धावण्याची सवयच लागली नाही. गिटारची एक तार छेडावी, तिचा नाद पुरता विरू द्यावा, मग दुसरी. त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले आणि लागलीच 'बाबेल'साठी (2006) दुसरे.

'बाबेल'विषयी मात्र माझे मन थोडे कुरकुरते. 'इग्वाझू' ही त्यांची 1998 सालचीच रचना. ती 'द इनसायडर'मध्ये (1999) वाजली होती आणि इथे पुन्हा वाजते. रचना सुरेखच आहे. पण एकच उसासा किती घरांत टाकावा?

2013 साली आलेला 'द लास्ट ऑफ अस' हा गेम म्हणजे साथीने उजाड झालेल्या अमेरिकेतून जोएल नावाच्या प्रौढाने एली या मुलीला नेण्याची कथा. मारामारीच्या वेळचे ढोल साधारणच वाटतात. पण ओसाड घरांतून चालताना दोन स्वरांमधली जी जागा मोकळी राहते, ती खेळणाऱ्याची. तो रेंगाळला तर शांतताही रेंगाळते.

2023 साली याच कथेची दूरचित्रवाणी मालिका झाली. प्रारंभी तीच धून आहे, ऐकायला तितकीच गोड. तरी काहीतरी उणे वाटते. इथे विराम किती लांबवायचा हे दिग्दर्शकाने ठरवून टाकलेले आहे. आपण कोचावर बसून तो घ्यायचा.

गेमचा दुसरा भाग 2020 साली आला. त्यातल्या एका वस्तीत एक माणूस बँजो वाजवीत बसलेला दिसतो. चेहरा सांताओलायांचाच. त्याच्यापुढून तसेच निघून जाता येते. हवे तर थांबून ऐकताही येते.