‘स्मृतिचित्रे’ आणि ईश्वरी पाचारण

ईश्वराने आपणांस कोणत्या कार्यास पाचारिले, हे ओळखण्यास एकांतातील प्रार्थना पुरेशी होय, असा समज रूढ आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी (पहिला भाग, १९३४) ही कसोटी माजघरात आणिली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी स्वतःची खात्री पटल्यावरच, १९०० साली. पुढे १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. हाक एकास आली, पण तिची झळ साऱ्या घरास लागली. लेखिका ती झळ लपवीत नाही. म्हणूनच तिची श्रद्धा वाचकास पटते. गाडगे महाराजांचा झाडू पाहिलेल्या आमच्या वऱ्हाडास त्याग नवा नाही. त्याचा जमाखर्च घरच्याच माणसाने इतक्या निर्मळपणे मांडलेला मात्र विरळा.