पंधरा डॉलरचं तिकीट आणि अर्धा विणलेला स्वेटर

हाती घेतलेलं काम अर्धवट सोडावं की नाही, हा विषय निघाला की 'संक कॉस्ट' म्हणजे बुडीत खर्चाचं नाव येतंच. झालेला खर्च विसरा आणि सोडून द्या, असा सल्ला मिळतो. त्यामागचा एक गाजलेला प्रयोग हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा, १९८५ साली प्रसिद्ध झालेला.

ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं हंगामी तिकीट १५ डॉलरचं. काही ग्राहकांना २ किंवा ७ डॉलर सूट दिली, तीही कोणाला मिळेल ते नशिबावर सोडून. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले.

रचना झकास आहे. खरे प्रेक्षक, खरे पैसे. शिवाय सूट नशिबावर असल्याने 'नाटकवेडेच जास्त पैसे मोजतात' ही पळवाटही बंद.

पण त्यावरून 'सोडून द्या' म्हणणं मला ताणलेलं वाटतं. एक तर उत्तरार्धात तो फरक ठळक उरला नाही. दुसरं, १५ डॉलर भरल्याने पुढचं नाटक बघणं सोपं होत नाही. अर्ध्या विणलेल्या स्वेटरचं मात्र तसं नसतं, तिथे काम खरोखरच निम्मं झालेलं असतं.

तेव्हा किती वेळ घातला ते विसरा, पण किती उरलंय ते बघा. हाच स्वेटर तुम्हाला आज कोणी अर्धा विणून आयता दिला असता, तर पुढे विणला असता? हो असेल तर सुया उचला. नसेल तर खुशाल उसवा, लोकर कामाला येईल.