एकत्रीकरण म्हणजे सुलभीकरण काय? : तारापूरच्या लघुउद्योगांतील माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनाची चिकित्सा

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याच्या औद्योगिक जीवनाचे केंद्र म्हणजे बोईसरलगतचे तारापूर औद्योगिक क्षेत्र होय. रसायने, औषधे, वस्त्रप्रक्रिया व पोलाद या क्षेत्रांतील लहानमोठे कारखाने येथे आहेत. येथील एखाद्या लघुउद्योगाच्या कार्यालयात संगणक असतो, परंतु माहिती एका जागी नसते. हिशेब टॅलीत, मालसाठा एक्सेलमध्ये, हजेरी बोटांच्या ठशांच्या यंत्रात, मागण्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मालाची आवक-जावक फाटकावरील नोंदवहीत, असे तिचे स्वरूप असते. ही सर्व साधने एका प्रणालीत आणली की व्यवस्थापन सुलभ होते, असे पाठ्यपुस्तके व संगणक प्रणालींचे विक्रेते एकमुखाने सांगतात. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची चिकित्सा केली आहे.

विखुरलेपणाची किंमत

हे प्रतिपादन निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कच्च्या मालाचे एकच पिंप फाटकावर, स्टोअरमध्ये, हिशेबात आणि उत्पादन विभागात असे चार वेळा नोंदले जाते. चार हातांनी केलेल्या चार नोंदी जुळतीलच असे नाही. त्या जुळवण्यात महिन्याअखेरीचे दिवस जातात. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या उद्योगास पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील, १५ तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधी व राज्य विम्याची वर्गणी आणि २० तारखेपर्यंत वस्तू व सेवा कराचा भरणा करावा लागतो. हा सर्व भार बहुधा एकाच अकाउंटंटवर पडतो.

कायद्याच्या अपेक्षाही वाढल्या आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगाच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक फेरफाराचा माग राहणे बंधनकारक झाले. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आपली माहिती कोठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ६ तासांत काय कळवणार?

एक पडदा, एक नोंद, एक जबाबदारी

तथापि ‘एकत्रीकरण’ या एका शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी मांडल्या जातात. पहिली, सर्व कामे एका पडद्यावर दिसणे; दुसरी, एक व्यवहार एकदाच नोंदला जाणे; आणि तिसरी, त्या नोंदीस एक निश्चित व्यक्ती उत्तरदायी असणे. विक्रेत्यांचा भर पहिल्या गोष्टीवर असतो. खरा लाभ मात्र दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीत आहे.

वस्तू व सेवा कराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. १ जुलै २०१७ रोजी १७ कर व १३ उपकर एका करात विलीन झाले. असे असूनही उद्योजकास विवरणपत्र, ई-वे बिल व ई-बीजक यांसाठी वेगवेगळ्या संकेतस्थळांशी व्यवहार करावा लागला. कर एक झाला, पण दारे अनेक राहिली. त्याच व्यवस्थेतील ई-बीजकाची रचना मात्र वेगळी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना ते लागू झाले. बोईसरहून वापीस ५० हजार रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा माल पाठवताना एकदा नोंदलेल्या बीजकातूनच ई-वे बिल काढता येते आणि तोच तपशील विक्रीच्या विवरणपत्रात उतरतो. पडदे अनेक असले तरी नोंद एकच राहते. सुलभीकरण येथे घडले आहे.

तिसऱ्या मुद्द्याची प्रचीती विद्यार्थ्यांच्या एका औद्योगिक भेटीत आली. त्या कारखान्याने सर्व विभागांसाठी नवी एकत्रित प्रणाली घेतली होती. परंतु शासकीय संकेतस्थळांचे ओटीपी बाहेरच्या सल्लागाराच्या मोबाईलवर जात होते, आणि प्रणालीचा मुख्य पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर होता. प्रणाली एक झाली होती, जबाबदारी विखुरलेलीच होती.

एकवटलेली जोखीम

एकत्रीकरणाची दुसरी बाजू विक्रेत्यांच्या मांडणीत क्वचितच येते. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर विसंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे देयक व्यवहार थांबले. त्यांत सहकारी व ग्रामीण बँकांचा समावेश होता. एका ठिकाणचा बिघाड इतक्या बँकांच्या खातेदारांपर्यंत पोहोचला. लघुउद्योगाच्या बाबतीतही हेच घडू शकते. विखुरलेल्या व्यवस्थेत संगणक बंद पडला तरी फाटकावरील वही चालू राहते. सर्व काही एका प्रणालीत असेल तर मालाची गाडीही फाटकात उभी राहते. म्हणून एकत्रीकरणाचा निर्णय घेताना स्वतंत्र जागी ठेवलेली, अधूनमधून उघडून तपासलेली प्रत हा त्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, एकत्रीकरण हे सुलभीकरणाचे साधन आहे, त्याचा पर्याय नव्हे. लघुउद्योगाने प्रथम आपल्या सर्व साधनांची, खात्यांची व नोंदणीकृत मोबाईल क्रमांकांची यादी करावी. प्रत्येकापुढे उत्तरदायी व्यक्तीचे नाव लिहावे. दुबार नोंदी शोधून कमी कराव्यात. आणि मगच प्रणाली निवडावी. हा क्रम उलटल्यास जुना गोंधळ अधिक महाग जागी राहावयास जातो.

यात महाविद्यालयांचाही वाटा आहे. पालघर-बोईसर परिसरातील वाणिज्य शाखेचे अनेक पदवीधर याच कार्यालयांत अकाउंटंट म्हणून रुजू होतात. त्यांना आपण टॅलीतील नोंद कशी करावी हे शिकवतो. ती नोंद पुढे कोठे जाते आणि तिला जबाबदार कोण, हेही शिकवणे आवश्यक आहे. अन्यथा एकत्रित प्रणालीतील प्रत्येक चुकीचा दोष, ज्याच्या हाती कोणताच निर्णय नव्हता, त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या माथी येत राहील.